सव्वा महिन्यानंतरची लाल पानं

सुशीलच्या सासूबाई, अनुराधाबाई, लेकीच्या, मेधाच्या, बाळंतपणासाठी पुण्याहून जपानात आल्या आणि ग्योतोकुच्या टीचभर फ्लॅटमध्ये त्यांनी जे ठाण मांडलं, ते स्टेशनजवळच्या दुकानापलीकडे म्हणून गेल्या नाहीत. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, आणि तिला टाकून आपण फिरायचं तर मुळीच नाही. आता काय बोलणार? टीव्हीवर रोज, कुठे कुठे झाडांची पानं लाल झाली त्याचा नकाशा दाखवायचे. डोंगरातली पानं रंगली, गळूनही गेली. बाई नकाशा बघत डिंकाचे लाडू वळत राहिल्या.

सुशील मनातून हळहळायचा. बिचाऱ्या पहिल्यांदाच परदेशात आलेल्या, आणि घरी जाऊन सांगणार काय, तर इथे दूध खोक्यात मिळतं?

सव्वा महिना एकदाचा सरला, तेव्हा बाईंच्या परतीच्या विमानाच्या आधीचा एकच शनिवार हाती उरला होता. ऑफिसातल्या नाकामुरा-सानने सांगितलं, समुद्राकाठी थंडी उशिरा येते, कामाकुराला पानं आत्ता कुठे लाल होतायत. सुशीलने त्या दिवशीचं काम सरळ दुसऱ्याच्या गळ्यात मारलं आणि सगळ्यांना घेऊन निघाला.

तिथल्या टेकडीवरच्या देवळाच्या दारात पोचले, तर समुद्रावरून हा गार वारा. बाईंनी नातवाचं दुपटं आवळलं.

"बाळाला वारं लागेल. तुम्ही दोघं वर जाऊन या. मी ह्याला घेऊन त्या चहाच्या दुकानात बसते."

"आई, तुम्हाला दाखवायलाच तर आलोय," सुशील म्हणाला.

"मी फोटोत बघेन."

सुशीलचं डोकंच फिरलं. बाळ झाल्यापासून तो हे सोसत होता. त्याने पोराला उचललं, की बाईंचा हात खाली आलाच. "मान सांभाळा, सुशीलराव," ऐकून त्याचे कान किटले होते.

"आई, उद्यापासून तुम्ही नाही," तो म्हणाला. "मग ह्याला मीच घेणार ना? आजच द्या की."

मेधा गुपचूप बुटांकडे बघायला लागली. बाईंनी जावयाला नीट न्याहाळलं आणि पोर त्याच्या हातात दिलं. जाताना दोनदा वळून बघितलं, ते सोडा.

दुकानात पोराने भोकाड पसरलं. सुशीलला घाम फुटला. खांद्यावर घेऊन तो येरझाऱ्या घालत राहिला, तेव्हा कुठे ते झोपलं. मायलेकींचा मात्र पत्ता नाही. पार उन्हं कलल्यावर दोघी आल्या. बाईंचे गाल थंडीने लाल झाले होते आणि बोलणं थांबत नव्हतं. काय ती झाडं, म्हणे, एकेकाखाली नुसतं उभं राहावं, आणि मागे सगळा समुद्र.

"मी कितीदा म्हटलं, आई चल, बाळ उठेल," मेधा सुशीलला म्हणाली. "तर म्हणते कशी, उठलं तर उठू दे, त्याचा बाप आहे तिथे."

सुशीलला फार बरं वाटलं. त्याने बाळ पुढे केलं.

"राहू द्या तुमच्याकडेच," बाई म्हणाल्या, आणि बसून त्यांनी चहा मागवला.