डावा स्पीकर

“डावा बसका बोलतोय,” हे म्हणाले. “मी सांगतोय ना.”

अन्वर मेकॅनिक तिसऱ्यांदा टेमघरला आमच्या खोलीवर आला होता. त्याने रिसिव्हरच्या मागच्या वायरी काढल्या, डाव्या स्पीकरची उजव्याला, उजव्याची डाव्याला लावली आणि बुद्धवंदनेची कॅसेट पुन्हा सुरू केली.

“अब बोलो, बाळारामभाय.”

“अजून डावाच.”

मी स्टोव्हपाशी चहा गाळत होते. मनात म्हटलं, मशीनचं दुखणं बरं कळतं या माणसाला!

हे कापडाचे लूम दुरुस्त करणारे. पंचवीस वर्षं बिघडलेल्या लूमला डावा कान लावून दुखणं ओळखत आले. त्या कानाला कारखान्यात मान होता. शहाण्णव साली रिसिव्हर घेतानाही यांनी चार रविवार दुकानदाराला पिडलं. रेडिओ, टेप, टीव्ही, सगळ्यांचा आवाज त्या एका डब्यातून दोन स्पीकरांत जातो. लुकलुकत्या दिव्यांचे डबे बाजूला सारून यांनी एक साधा काळा डबा निवडला, डोळे मिटून, नुसता ऐकून.

एवढं निगुतीनं ऐकणारा माणूस माझं मात्र एक अक्षर ऐकत नव्हता. जेवताना मी यांच्या डाव्या हाताला बसते, स्टोव्ह तिकडे म्हणून. जूनमध्ये वाढता वाढता विचारलं होतं, “शेलारला माझी आई एकटी पडलीये, तिला इकडे आणू?” हे भात कालवत राहिले. दुसऱ्यांदा विचारायला मी काही भीक मागत नव्हते. माझ्या बालवाडीला दिवाळीची सुट्टी लागली की माहेरी शेलारला जायचं आणि परतायचं नाही, हे मी पक्कं केलं होतं.

अन्वरने यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“भाईसाब, जरा खुर्ची फिरवून बसा. स्पीकरकडे पीठ करून.”

हे पाठ फिरवून बसले. डोळे मिटले.

“आता हा बसका येतोय.”

बोट मघापर्यंत ठणठणीत असलेल्या स्पीकरकडे होतं. ते तसंच वर राहिलं, मग हळूच खाली आलं.

“मेरे अब्बा का भी ऐसाच हुआ,” अन्वर म्हणाला. “लूम पे थे.” चहा पिऊन तो निघून गेला.

मला रडू यायला हवं होतं. आधी हसू आलं, मग रडू. नवऱ्याचा कान गेला म्हणून कुठल्या बायकोचा जीव भांड्यात पडतो? माझा पडला. लाज वाटली, तरी पडला.

दुपारी मी माझं ताट यांच्या उजवीकडे मांडलं. आवाज न चढवता विचारलं, “आईला इकडे आणू?”

“आण की. त्यात इचारायचं काय?”

“जूनमध्ये विचारलं होतं.”

यांचा घास हातातच राहिला. “मग मी काय बोललो?”

“काहीच नाही.”

“आणि तू गप बसलीस? चार म्हयने?”

दिवाळीत मी शेलारला गेले आणि आईला घेऊन परत आले.

आता रविवारी सकाळी कॅसेट लागते. दोन्ही स्पीकरांच्या मधोमध यांनी पट्टीने मापून जी जागा काढली होती, तिथे आई बसते. हे कडेला, उजवा कान माझ्याकडे करून. मध्येच विचारतात, “आई, डावा वाजतोय ना?”

“वाजतोय बाबा, चांगला वाजतोय.”

मग हे मान डोलवतात.