बारा चाव्यांची गिटार

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत मामंजींचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेलेल्या, हे कारखान्यात, त्यामुळे दिवसभर मामंजी आणि मी. पक्कड दे, दिवा धर, असं करता करता मी बाकाशी कधी कामाला लागले, माझं मलाच कळलं नाही.

मामंजींचा उजवा हात कापायला लागला होता. मी त्यांना चहा अर्धाच कप भरून द्यायची. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी बोलले नाही. ह्यांना मात्र संशय होता. "बाबा, एक जरी वाद्य बिघडलं ना, तर दुकान बंद. खोली भाड्याने देऊ, तुम्ही आराम करा," असं ह्यांनी जेवताना बजावलं होतं.

"आराम मेल्यावर आहेच की," मामंजी हसून म्हणाले. पण त्यानंतर त्यांना घास गेला नाही.

अशात एका दुपारी लंबू आला. बँडमध्ये वाजवायचा, दारातून वाकूनच आत यायचा. त्याची इलेक्ट्रिक गिटार बारा तारांची. तारा पिळायच्या चाव्या झिजल्या होत्या. एक सूर लावावा तर दुसरा उतरायचा. नव्या चाव्या त्याने आणल्या होत्या, पण त्यांचे दांडे जाड. म्हणजे गिटारच्या डोक्यातली सगळी भोकं मोठी करायला हवीत, आणि दोन भोकांमधलं लाकूड तर करंगळीच्या नखाएवढं.

"ठेवून जा, परवा ये," मामंजी म्हणाले.

"छे मामा! मागे एकाकडे ठेवली तर त्याने तारांचा आवाज पकडणारा आतला पिकअपच बदलला. मी इथंच बसतो."

मी मामंजींच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

यंत्राने भोक मोठं करायला जावं तर लाकूड तडकायचं. म्हणून रीमर, म्हणजे एक निमुळतं धारेचं हत्यार, हातानेच फिरवायचं. मामंजींनी ते पहिल्या भोकात घातलं आणि हात थरथरला. रोगणाचा टवका उडून लंबूच्या बुटावर पडला.

"मामा, हे काय?"

"जुनं झालं की उडतंच. तुझ्या डोक्यावरचं नाही का उडालं?"

लंबूचा हात टकलाकडे गेला, पण तो हसला नाही. मामंजींच्या कपाळावर घाम आला होता. हत्यार अजून भोकातच होतं. आणखी एक झटका, की गिटार गेली, आणि गिटारीबरोबर दुकानही.

"मामंजी, गिटारची मान हलतेय," मी म्हणाले. "मला काही ती धरवायची नाही, तुम्ही धरा. मी नुसतं फिरवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी मान आवळून छातीचा भार टाकला. असा भार दिला की त्यांचा हात गप्प राहायचा.

"बाईंच्या हातात देता?" लंबू उभाच राहिला.

"खाली बस रे, उजेड अडवतोस. हं, सूनबाई, अर्धा फेरा. थांब. भुसा झटक. चावी जाते का बघ. नाही? मग अजून पाव."

लाकूड करकरलं की तिघांचाही श्वास अडकायचा. शेवटचं भोक झालं तेव्हा ऊन बाकावरून भिंतीवर चढलं होतं.

पण खरी भीती पुढेच होती. आत बारीकशी चीर गेली असेल, तर ती तारांचा ताण आल्यावरच उघडी पडणार. चाव्या बसवल्या, अकरा तारा चढल्या. सगळ्यात बारीक तार उरली, ती शेवटी चढवायची. असल्याच एका तारेने तुटताना मामंजींचा डावा डोळा नेला होता. तेव्हापासून दुकानाची रीतच होती, ती तार चढताना सगळ्यांनी तोंड फिरवायचं.

लंबू भिंतीकडे वळला. मी चावी धरली, मान वळवली, तर दारात हे उभे. कारखान्याची पाळी लवकर सुटली होती. आणि मामंजी? त्यांनी तोंड फिरवलंच नाही. गिटारच्या डोक्याला कान लावून ते वाकले होते. उरलेला डोळा तारेपासून वीतभर.

"मामंजी, डोळा!"

"लाकूड बोललं तर आधी मला ऐकू येऊ दे. फिरव तू."

मी फिरवत गेले. तार चढत गेली. एकदम टक् झालं आणि मी थांबले.

"तार खाचेत बसली. फिरव. अजून. पुरे."

लंबूने तारा छेडल्या. ती गिटार विजेला जोडल्याशिवाय नुसती कुजबुजते, पण बाराही तारा सुरात कुजबुजल्या. ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग मामंजींच्या. मामंजींनी हात मांडीखाली घेतला. मला वाटलं, संपलं आता सगळं.

"बाबा," हे म्हणाले, "दोन माणसांना एक स्टूल कसं पुरतं हो?" आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या भंगारातून एक स्टूल घेऊन आले.

पुढे लंबूचा बँड मोडला. तो लॉरी चालवायला लागला, पण तारा बदलायला आमच्याकडेच यायचा. "बाईंनाच बोलवा," म्हणायचा. त्या चाव्या काही पुन्हा बदलाव्या लागल्या नाहीत. मामंजी अखेरपर्यंत बाकाशी बसले. शेवटी शेवटी कप मीच त्यांच्या ओठांना लावायची. हे निवृत्त झाल्यावर माझ्यासाठी दिवा धरायला बसले आणि तो नीट धरत नाहीत म्हणून रोज माझी बोलणी खायचे. आता तेही नाहीत.

दुकान अजून आहे. परवा माझ्या सुनेने बाकावर चहा आणून ठेवला. कप अर्धाच भरलेला होता. मी काही विचारलं नाही.