ड्यूसवरचं हस्तांदोलन

लवंगीला त्या दिवशी शिडीशी खेळायचंच नव्हतं. जगात टेनिस खेळणाऱ्या एवढ्या मुली, आणि पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात समोर यावी कोण, तर नेमकी हीच! कॉलेजात चार वर्षं दोघी एका संघात, एका खोलीत, आणि डबल्सला एकमेकींच्या जोडीला. लवंगी उंचीने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून लवंगी. शिडीला शिडी का म्हणतात, हे तिला दारातून वाकून आत येताना पाहिलं की कुणालाही कळायचं.

कॉलेज संपल्यापासून दोघी व्यावसायिक खेळाडू म्हणून गावोगाव फिरत होत्या. व्यावसायिक हा शब्द ऐकायला फार भारदस्त वाटतो हो! प्रत्यक्षात कपडे बेसिनमध्ये धुवायचे, रॅकेटची तुटलेली तार बदलून घ्यायला कुणाकुणाच्या मागे लागायचं, आणि हरलं की एकटीनेच हरायचं. कॉलेजात तसं नव्हतं. तिथे एक हरली तरी बाकीच्या जिंकून संघाची अब्रू राखायच्या, आणि शेजारच्या कोर्टावरून घसा बसेपर्यंत ओरडून धीर द्यायच्या. इथे ओरडायला एकटा मामा.

मामा म्हणजे लवंगीच्या आईचा धाकटा भाऊ. जन्मभर बस चालवून निवृत्त झाला, पण घरी बसवेना. मग भाचीला गाडीतून स्पर्धांना न्यायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. टेनिसमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू जाळ्यापलीकडे गेला की "शाब्बास!" आणि जाळ्यात अडकला की "हात्तिच्या!" एवढंच त्याचं समालोचन. कित्येकदा तो प्रतिस्पर्धी मुलीलाच शाब्बासकी देऊन मोकळा व्हायचा.

आज मात्र मामासुद्धा गप्प गप्प होता, कारण आज सगळंच पणाला लागलं होतं. कॉलेजातल्या टेनिसच्या सरांनी लवंगीसाठी सहायक प्रशिक्षकाची जागा अडवून धरली होती. "आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग. याच्यापुढे मला थांबता यायचं नाही," असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. वर्षभरात लवंगी एकाही स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचली नव्हती. प्रत्येक ठिकाणी पात्रता फेरीतच गाशा गुंडाळायचा आणि गाडीत बसायचं. आई म्हणाली, "एकदाचं काय ते ठरव बाई, आमचा जीव टांगणीला लागलाय." लवंगीने ठरवलं. आज जिंकून मुख्य फेरीत गेलं तर खेळत राहायचं. हरलं तर रॅकेट ठेवायची आणि नोकरी धरायची. ठरवताना तिला वाटलं, काय शहाणी आहे मी!

पहिला सेट शिडीने घेतला, दुसरा लवंगीने. तिसऱ्यात लवंगी पाच-चार अशी पुढे, सर्व्हिस तिची, आणि स्कोअर झाला ड्यूस, म्हणजे बरोबरी.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. तुमच्याआमच्या टेनिसमध्ये ड्यूस झाला की लागोपाठ दोन गुण घ्यावे लागतात. पहिल्याला म्हणायचं अ‍ॅडव्हान्टेज, दुसऱ्याला गेम संपतो. या दोघींच्या कॉलेजच्या सामन्यांत असले लाड नव्हते. सामने आटोपशीर व्हावेत म्हणून तिथे ड्यूसनंतरचा एकच गुण खेळायचा. तो ज्याचा, त्याचा गेम. आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते समोरच्याने ओरडून सांगायचं. चार वर्षं, सकाळ-संध्याकाळ, सरावातसुद्धा दोघी असंच खेळल्या होत्या. बाहेर आल्यावर दोघींनी ती सवय मोडली. इतर मुलींशी खेळताना एकदाही चूक झाली नव्हती, आजही आतापर्यंत झाली नव्हती. पण आता दोघी दमून गेल्या होत्या, डोकं चालेनासं झालं होतं, आणि शिडीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "उजवीकडे!"

"चालेल!" लवंगी म्हणाली.

झालं! त्या क्षणी दोघीही कॉलेजात जाऊन पोचल्या. खुर्चीवरच्या पंचांना वाटलं, मैत्रिणी आहेत, काहीतरी बोलत असतील.

लवंगीने सर्व्हिस केली. शिडीने चेंडू खोल मारला, लवंगीने धावत जाऊन परत केला. शिडी लांब लांब टांगा टाकत जाळ्यापाशी आली, तशी लवंगीने तिच्या डोक्यावरून चेंडू उचलला. आता शिडीच्या डोक्यावरून चेंडू काढायचा म्हणजे चेष्टा नाही! पण तो गेला, आणि रेषेच्या आत अलगद पडला.

लवंगीने रॅकेट फेकली आणि ती ओरडत जाळ्याकडे धावली. शिडीही आली. दोघींनी हात मिळवले आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शिडीच्या डोळ्यांत पाणी होतं. "जा बाई जा, आजची मॅच तुझीच होती," ती म्हणाली. हरूनसुद्धा असं मनापासून बोलणारी माणसं किती असतात सांगा!

तिकडे मामा बाकावर उभा राहून नाचत होता. नोकरी धरली की भाचीबरोबर आपलीही भटकंती बंद होणार, ही धास्ती बिचाऱ्याने मनातच ठेवली होती. त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "सर, मी मामा! पोरगी जिंकली! तुमची नोकरी देऊन टाका दुसऱ्या कुणाला तरी!"

ते ऐकलं आणि लवंगीला एकदम हलकं हलकं वाटलं.

"अहो, कुठे निघालात दोघी?" पंच खुर्चीवरून म्हणाले. "अ‍ॅडव्हान्टेज आहे. मॅच संपलेली नाही."

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. शिडीला हसू फुटलं. ती पोट धरून खाली बसली. लवंगीही हसली, प्रेक्षक हसले, पंचांनी चष्मा काढून डोळे पुसले. मामा तेवढा फोन हातात धरून खांबासारखा उभा होता.

हसता हसता लवंगीच्या पोटात गोळा आला. तसाच तो घेऊन ती सर्व्हिसच्या जागेवर गेली. पहिला चेंडू जाळ्यात. दुसरा तर असा लांब गेला, की मामाला शाब्बास म्हणावं की हात्तिच्या, तेच कळेना. डबल फॉल्ट. पुन्हा ड्यूस. त्यानंतर शिडीने काही ऐकलं नाही. तो गेम घेतला, पुढचा घेतला, त्याच्या पुढचाही घेतला आणि मॅच खिशात घातली.

दोघी पुन्हा जाळ्यापाशी आल्या.

"सॉरी गं," शिडी हळूच म्हणाली.

"सॉरी कसलं? मुद्दाम सोडली असतीस ना, तर तंगडी मोडून ठेवली असती तुझी." लवंगीने तिला घट्ट मिठी मारली, आणि या वेळी रडू लवंगीला आलं.

मामा लवंगीला घेऊन गाडीत बसला. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "चुकलं गं माझं. कशाला मेला फोन केला मी! तू थांब, मी निस्तरतो सगळं." लवंगी काही बोलायच्या आत त्याने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सर, मघाशी माझी जरा गडबड झाली..."

पलीकडून सर खो खो हसायला लागले. "मामा, मी इथे फोनवर स्कोअरच बघत होतो. तुम्ही जिंकली जिंकली म्हणून ओरडत होतात आणि मला दिसत होतं अ‍ॅडव्हान्टेज! या पोरींना मीच शिकवलंय हो. काय झालं असेल ते लगेच ओळखलं मी. जागा आहे तिचीच. सोमवारी पाठवून द्या."

मामाचा जीव भांड्यात पडला. त्याने फोन भाचीपुढे धरला. "घे, हो म्हण. देवासारखा माणूस आहे."

लवंगी फोनकडे पाहत राहिली. मघाशी पंचांनी परत बोलावलं, तेव्हाचा तो पोटातला गोळा तिला आता नीट कळला. जिंकलेली मॅच हातची गेली याचं वाईट नंतर वाटलं होतं. आधी मनात आलं होतं, म्हणजे ती नोकरी अजून आहेच की काय! किती वेडी होती ती! सगळा निकाल एका मॅचवर सोपवून बसली होती, आणि स्वतःला विचारायचंच राहून गेलं होतं.

"सर, मी नाही येत."

"अगं, आत्ता हरलीयस, डोकं ठिकाणावर नाही तुझं. उद्या बोलू."

"ठिकाणावर आहे सर. जिंकले असते तर 'नाही' कुणीही म्हटलं असतं. मी हरून म्हणतेय."

मामाने हळूच गाडीची किल्ली फिरवली.

"बरं," सर म्हणाले. "मग आधी ती दुसरी सर्व्हिस सुधार. चेंडू उडवताना डोक्याच्या मागे नेतेस तू, कितीदा सांगितलंय. जरा पुढे उडव."

"हो सर," लवंगी नाक पुसत म्हणाली.