पॅटीचे पणजोबा

कांचनबाई श्रीखंडाची दुसरी वाटी वॉल्टरपुढे ठेवत होत्या, तेवढ्यात त्र्यंबकनं पेनाचं टोपण काढलं.

"आता तीन पिढ्या," तो म्हणाला. "मुलीचे वडील, आजोबा आणि पणजोबा. कन्यादानाच्या वेळी तिघांची नावं घ्यावी लागतात."

त्र्यंबक सोमवार ते शुक्रवार सरकारी कचेरीत पूल डिझाइन करी आणि शनिवार-रविवारी शिकागोच्या पश्चिमेकडच्या गावांत लग्नं आणि मुंजी लावी. पंच्याऐंशी साली नेपरव्हिलच्या आसपास दुसरा गुरुजी मिळणं कठीण होतं, त्यामुळे त्याच्या तोंडून आलेला शब्द शास्त्र म्हणून खपून जाई. जूनमध्ये हेमचंद्र सोवनींच्या विक्रमचं पॅटीशी लग्न होतं. पॅटीला आई नव्हती. म्हणून तिचे वडील वॉल्टर आज एकटेच व्याह्यांकडे जेवायला आले होते.

"वडील वॉल्टर," त्र्यंबकनं लिहून घेतलं. "आजोबा?"

"जोसेफ."

"आणि जोसेफचे वडील?"

वॉल्टरनी श्रीखंडाचा चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. श्रीखंड चावायचं नसतं, हे त्यांना सांगावं असं हेमचंद्रांच्या मनात आलं. पण गृहस्थ निवृत्त दंतवैद्य. चावण्याच्या बाबतीत त्यांना शिकवायला जाणं बरं दिसलं नसतं.

"नक्की सांगता येणार नाही," वॉल्टर शेवटी म्हणाले.

"नो प्रॉब्लेम. जॉन लिहितो," त्र्यंबक म्हणाला. "अमेरिकेत पणजोबा बहुतेक जॉनच असतो."

"असं कसं?" हेमचंद्र म्हणाले. "उद्या माझ्या आजोबांच्या जागी तू गणपत लिहिशील."

"बाबा, नोबडी इज गोइंग टु चेक," विक्रम म्हणाला.

"मी चेक करीन."

आणि ते करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. हेमचंद्र एका पंपांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचे प्रमुख होते. कारखान्यातले पंप तपासून झाले की घरी येऊन ते दुधाच्या कॅनवरची तारीख, शेजाऱ्याच्या कुंपणाची उंची आणि कांचनबाईंच्या आमटीतलं मीठ तपासत. अशा माणसाच्या मुलाच्या लग्नात देवाब्राह्मणांसमोर अंदाजपंचे पणजोबा उभा करायचा, म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या नोकरीवर बोळा फिरवण्यासारखंच होतं.

पुढच्याच आठवड्यात रजा टाकून ते शिकागोला गेले आणि एकोणीसशे सालच्या जनगणनेची मायक्रोफिल्म यंत्रावर चढवून बसले. हँडल फिरवलं की पडद्यावरून गावंच्या गावं पळत. विस्कॉन्सिनमधलं वॉल्टरनी सांगितलेलं गाव सापडेपर्यंत त्यांना बोट लागल्यासारखं मळमळायला लागलं. पण जोसेफ सापडला. मामाच्या घरात राहणारा भाचा, शेतावर काम करणारा. त्याच्या वरच्याच ओळीत त्याची आई, कॅथरिना. तिच्या नावापुढे दोन रकाने भरले होते. लग्न: झालेलं नाही. मुलं: एक.

हेमचंद्रांनी ओळ पुन्हा वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि घरी येऊन बायकोला निकाल सांगितला.

"कारकून सगळीकडे सारखेच बघ. सरळसरळ चूक आहे. विधवा लिहायचं तिथे अविवाहित लिहून ठेवलंय. शेजारच्या रकान्याशी ताडूनसुद्धा बघितलं नाही गाढवानं."

कांचनबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"चूक झाली असेल," त्या म्हणाल्या. "पण कारकुनाची नव्हे."

"म्हणजे?"

"अहो, म्हणजे काय म्हणजे?"

हेमचंद्रांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काहीतरीच तुझं," ते म्हणाले. "कागद बघितल्याशिवाय कुणाबद्दल असं बोलू नये."

"बरं, नाही बोलत. पण तुम्हीही आता शोधू नका. त्र्यंबकला सांगा, जॉन तर जॉन."

हे ऐकलं असतं तर ते हेमचंद्र कसले? कॅथरिना त्यांची कुणी लागत नव्हती, पण आता ती व्याह्यांची आजी होती, आणि तिच्यावर कारकुनानं घेतलेला आळ पुसून काढणं हे त्यांना कर्तव्यच वाटायला लागलं. त्यांनी वॉल्टरना फोन करून एवढंच सांगितलं की जनगणनेत जरा घोटाळा आहे, दुसरा काही पुरावा मिळाला तर बरं.



"त्या गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही असते," वॉल्टर म्हणाले. "शनिवारी जाऊ या. गाडी मी काढतो."

कांचनबाईंनी थालीपिठांचा डबा दिला आणि नवऱ्याला दारात गाठून हळूच म्हणाल्या, "तिथे तोंड सांभाळा."

एप्रिल लागला होता, तरी शेतांच्या कडेला मळकट बर्फ साचलेलं होतं. वॉल्टर गाडी सावकाश चालवत. रस्ताभर हेमचंद्र त्यांना कुळ, गोत्र आणि पिढ्यांचं महत्त्व सांगत राहिले. आमच्याकडे माणूस एकटा लग्नाला उभा राहत नाही, त्याच्यामागे त्याचे वाडवडील उभे असतात, वगैरे. वॉल्टर मान डोलावत आणि थालीपीठ खात. एकदा त्यांनी विचारलं, "आणि मागे कुणी उभा नसला तर?"

"असं होतच नाही," हेमचंद्र म्हणाले. "कुणीतरी असतोच."

चर्चच्या कचेरीत एक हसतमुख बाई होती. तिनं कॉफी दिली, केक दिला, आणि जाडजूड वही टेबलावर आणून ठेवली. सगळ्या नोंदी लॅटिनमध्ये होत्या. "मला यातलं अक्षर कळत नाही," बाई म्हणाली. "आमचे फादर आज बाहेर गेलेत."

हेमचंद्रांची छाती थोडी फुगली. मॅट्रिकला त्यांना संस्कृतात वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते, आणि लॅटिन ही संस्कृतची लांबची बहीण, हे ते पार्टीत कुणी ऐकून घेतलं तर नेहमी सांगत. वॉल्टर खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. हेमचंद्र एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले. योसेफुस. मातेर, काथारिना. इथवर ठीक. मग पातेर, म्हणजे पिता. आणि पुढे नावाच्या जागी एकच शब्द: इग्नोतुस.

त्या शब्दातला 'अज्ञात' त्यांना एकदम दिसला. इतक्या वर्षांनी संस्कृत कामाला आलं, ते या कामाला.

"काय लिहिलंय?" वॉल्टरनी खिडकीपाशी उभ्याउभ्याच विचारलं.

आयुष्यात एकाही नापास पंपाला पास न केलेले हेमचंद्र वहीकडे बघत राहिले. वॉल्टरचा कोट मागून खांद्यापाशी जरा विटलेला दिसत होता. या माणसाला त्याच्या आजीबद्दल हे असं, परक्या कचेरीत, केक खाता खाता सांगायचं?

"शाई पुसट झालीय," ते म्हणाले. "काही लागत नाही."

"पुसट?" कचेरीतली बाई दुखावल्यासारखी जवळ आली. "ही आमची सगळ्यांत चांगली राहिलेली वही आहे. बघा ना, किती काळी शाई आहे."

"माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय."

"माझा चष्मा देऊ?"

"नको. डोळ्यांतही काहीतरी गेलंय," हेमचंद्र म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

दोघे परत निघाले. वॉल्टरनी एका पेट्रोल पंपाशी गाडी थांबवली, पण पेट्रोल भरलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून ते समोर बघत बसले.

"हेम," ते म्हणाले, "लहानपणी मी दर रविवारी फादरच्या हाताखाली मासच्या प्रार्थनेला उभा असायचो. तेव्हा सगळी प्रार्थना लॅटिनमध्येच असायची. आम्हा पोरांना घोकून घोकून पाठ करायला लावायचे."

हेमचंद्रांनी थालीपिठांच्या डब्याचं झाकण उघडून परत लावलं.

"ती ओळ मला पाठ आहे. मी पॅटीच्या आईशी, हेलनशी, लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिच्या वडिलांनी मला न सांगता त्या चर्चमध्ये जाऊन ती वही काढायला लावली. मग ते लग्नाला आलेच नाहीत. हेलन चर्चमध्ये एकटी चालत आली. सगळं गाव बघत होतं."

"मग आज मला कशाला आणलंत?"

"तुम्ही फोनवर घोटाळा म्हणालात. म्हटलं, कुणाकडून कळण्यापेक्षा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. लग्नाच्या आधी. मागून कळलं आणि तुम्ही आला नाहीत, तर पॅटीला ते सोसणार नाही." वॉल्टरनी इंजिन बंद केलं. "काय म्हणायचंय ते आता म्हणा. मला चालेल."

हेमचंद्रांना आपल्या व्याख्यानाची लाज वाटली; कुळाची, गोत्राची आणि मागे उभ्या असलेल्या वाडवडलांची.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले.

"हो. फारच वाईट बोलता. सवय नाही वाटतं?"

"अजिबात नाही."

वॉल्टर हसले. मग हेमचंद्रही हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत खरंच काहीतरी गेलं.

"तुमच्या वडिलांना कुणी वाढवलं?" हेमचंद्रांनी विचारलं.

"कॅथरिनानं. भावाच्या घरची धुणीभांडी करून."

त्याच रात्री हेमचंद्रांनी त्र्यंबकला फोन लावला.

"पणजोबांच्या जागी लिहून घे. कॅथरिना."

"हेमचंद्रराव, ते बाईचं नाव आहे."

"मला माहीत आहे."

"पुरुषाचं लागतं. पद्धत आहे तशी."

"तू जॉन लिहायला निघाला होतास, तेव्हा पद्धत कुठे गेली होती? तो जॉन जन्मलाच नाही. ही बाई होती, मी कागद बघून आलोय. व्हेरिफाय केलंय."

त्र्यंबकनं थोडा विचार केला. पुलाच्या कामात त्याला असा विचार करताना कुणी पाहिलं असतं, तर त्या पुलावरून गाडी घातली नसती.

"शास्त्रात आईच्या नावानं ओळखले जाणारे लोक आहेत तसे," तो शेवटी म्हणाला. "बसवतो मी. पण कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

"देईन."

लग्नाला आठ गावांहून मराठी मंडळी आली. वॉल्टरना कुणीतरी सोवळं नेसवलं होतं आणि ते सुटेल या भीतीनं ते सकाळपासून एका हातानं ते धरून वावरत होते. कन्यादानाला मात्र दोन्ही हात लागले. त्र्यंबकनं माइक तोंडाशी घेतला आणि स्पष्ट, मोठ्यानं म्हटलं: कॅथरिनाची पणती, जोसेफची नात, वॉल्टरची कन्या. आधी संस्कृतात, मग मराठीत, आणि अमेरिकन पाहुण्यांसाठी इंग्रजीत.

तिन्ही वेळा वॉल्टरनी मान वर केली. तिसऱ्या वेळी ती वरच राहिली, हाताकडे मात्र लक्ष उरलं नाही आणि पाणी पॅटीच्या हातावर न पडता विक्रमच्या मनगटावर सांडलं. हेमचंद्रांनी पुढे होऊन खालून हात धरला. ते काम वरपित्याचं नव्हतं, पण त्र्यंबक काही बोलला नाही.

मग मुलाची बाजू आली. सोवनींच्या तीन पिढ्या त्र्यंबकनं कागद न बघता एका दमात म्हटल्या. हेमचंद्रांना त्या ऐकून नेहमीसारखं बरं वाटलं.

जेवायला दोघे व्याही शेजारी बसले. मसालेभातावर तुपाची धार पडली. वॉल्टरनी आता काय चावायचं आणि काय नाही ते शिकून घेतलं होतं.

"हेम," ते म्हणाले, "तुमचे ते पहिले, सगळ्यांत वरचे. त्यांचं नाव ऐकलं मी. त्यांच्या बायकोचं काय होतं?"

हेमचंद्रांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वडिलांच्या जन्माच्या वेळीच ती गेली होती. आजोबांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, आणि आजी म्हणून हेमचंद्र जिच्या मांडीवर वाढले ती ही दुसरी. पहिलीचा विषय घरात निघाला की 'ती बिचारी' म्हणत. त्यांनी आठवून पाहिलं. पंक्तीच्या टोकाला जिलबी वाढणाऱ्या कांचनबाईंकडे पाहिलं, पण त्यांना तरी कुठून ठाऊक असणार?

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

वॉल्टरनी मान हलवली आणि पुन्हा काही विचारलं नाही. दुखतंय कुठे ते कळल्यावर तिथेच परत टोचू नये, एवढं ते त्यांच्या धंद्यात शिकले होते.