हाकेची वाट

मी दुकानांच्या काचा सजवते. काचेमागच्या पुतळ्यांना कपडे घालून रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचं, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे आमच्या चार इमारतींच्या वसाहतीत एक समज पक्का झालाय, की काही नवीन सुचायला हवं असेल तर हिला विचारा. मलाही तो समज आवडायचा. कशाला खोटं बोलू?

यंदा क्रीडादिनाच्या बैठकीत लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, संगीतखुर्ची अशी तीच यादी मंडळी वाचायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "दहा वर्षं तीच माणसं त्याच पोत्यांतून पडतायत. आता पुरे." आणि बसल्या जागी नवा खेळ मांडला. आठ जोडपी. नवऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. बायका मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये पाण्याने भरलेल्या बादल्या. आठही बायका एकदम ओरडणार, 'डावीकडे', 'सरळ', 'अहो, थांबा', आणि त्या गलक्यातून नवऱ्याने आपल्या बायकोचा आवाज ओळखून तिच्यापर्यंत पोचायचं. शिट्टी झाली की जागच्या जागी थांबायचं, हलला तो बाद. नाव ठेवलं 'हाकेची वाट'. टाळ्या पडल्या आणि मी फुगले.

खेळ कुणासाठी सुचला होता, ते मात्र सांगितलं नाही. तो होता दादासाठी. माझा सख्खा थोरला भाऊ, समोरच्याच इमारतीत राहतो, सोळा वर्षं शाळेची बस चालवायचा. वर्षभर तो माझ्याशी तुटक वागत होता. जिन्यातून हाक मारली तर वळायचा नाही. जेवायला बोलावलं तर विचारलं एक, उत्तर भलतंच, आणि मग मान खाली घालून जेवण. आई गेल्यावर तिचं शिलाईमशीन मी आणलं, त्याचा राग धरलाय, असं मी ठरवून टाकलं होतं. मनातल्या मनात त्याच्याशी दोन-तीनदा कडाकडा भांडलेसुद्धा. म्हटलं, चार माणसांत हसेल, बायकोच्या हाकेवर धावेल, तर निवळेल.

दोन दिवस आधी वहिनी आली. दारातच उभी राहिली.

"वन्सं, त्या पट्टीच्या खेळात आमचं नाव नको हं."

"का गं?"

"ह्यांचे गुडघे दुखतात."

"बसची पायरी चढताना नाही दुखत ते?" मी हसून म्हटलं. ती हसली नाही. पदराशी चाळा करत परत फिरली. तेव्हा तरी मी विचारायला हवं होतं. मला वाटलं, लाजतेय.

जोडपी चिठ्ठ्या काढून ठरायची होती. चिठ्ठ्या मीच लिहिल्या, मीच काढल्या. सात डब्यातून निघाल्या. आठवी, दादाच्या नावाची, डब्यात गेलीच नव्हती, ती माझ्या मुठीत होती. आणि पंच म्हणून बोलावलं कुणाला? दादाच्या शाळेचे वाहतूकप्रमुख आमच्याच मागच्या इमारतीत राहतात, त्यांना. सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात. साहेबांसमोर भाऊ चमकेल, एवढी लांबची अक्कल मी चालवली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

खेळ सुरू झाला आणि मैदान नुसतं दणाणलं. सातजण अडखळत का होईना, आपापल्या बायकोच्या रोखाने निघाले. दादा दोन पावलं चालला, उभा राहिला, मग तिरका प्रेक्षकांकडेच निघाला. पहिली बादली लवंडली, दुसरी लवंडली. लोक पोट धरून हसायला लागले. त्यांना वाटलं, गडी मुद्दाम नकला करतोय. मलाही तेच वाटलं. माइक माझ्या हातात होता आणि माझ्या जिभेला हाड नाही.

"दादा, बस चुकली रे! हा आपला थांबा नव्हे!"

अजून हशा. पलीकडून वहिनी जीव तोडून ओरडत होती, "थांबा! अहो, थांबा!" तेवढ्यात शिट्टीमास्तरांनी अगदी त्याच्या पाठीशी जाऊन शिट्टी फुंकली. सातजण खांबासारखे थांबले. दादा चालतच राहिला. त्यांनी पुन्हा फुंकली, लांबलचक. दादा चालतच होता, दोन्ही हात पुढे करून. हसणं हळूहळू बंद पडलं. वहिनी धावत आली आणि तिने त्याचं मनगट धरलं. त्याने पट्टी वर सरकवली, ओल्या पायांनी उभा राहून सगळ्यांकडे पाहिलं आणि हसत विचारलं, "जिंकलो का?"

त्याचा तो हसरा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

संध्याकाळी शिट्टीमास्तर माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, त्या गाडीत चाळीस लेकरं असतात. बघून न बघितल्यासारखं कसं करू?" त्यांचं काय चुकलं? सोमवारी कानांची तपासणी झाली, मंगळवारी दादाने बसची किल्ली परत केली. आता तो गोदामात सुटे भाग मोजतो.

आणि वसाहतीने मला डोक्यावर घेतलं. "तुमच्या खेळामुळे अनर्थ टळला हो!" हे जिन्यात, गच्चीवर, दुकानाच्या रांगेत. त्यात खोटं काही नाही. पण मी लेकरांसाठी काहीच केलं नव्हतं. मी माझ्या भावाचं चारचौघांत हसं केलं होतं, तेही लबाडी करून.

रविवारी दुपारी त्याच्या घरी गेले. वहिनीने पाणी दिलं आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नाव निघालं, नशीब आमचं." मग ती आत भांडी घासायला गेली. मी दादासमोर बसले, मान खाली घालून, आणि बोलत सुटले. मशीनचं बोलले, तू चिडलायस असं वाटलं ते बोलले, वहिनी येऊन गेली तरी ऐकलं नाही ते बोलले, मुठीतल्या चिठ्ठीचंही बोलले. पुटपुटत, रडत, पण सगळं. मन हलकं झालं.

"वर बघ," दादा म्हणाला. "तोंड दिसल्याशिवाय मला कळत नाही काही."

त्याच्यापर्यंत एक अक्षर पोचलं नव्हतं. मी डोळे पुसले, घसा खाकरला, आता मात्र पुटपुटून भागणार नव्हतं. मी मान वर केली. तो माझ्या ओठांकडे लक्ष लावून बसला होता, लहानपणी मी पाढे म्हणताना बसायचा तसा.

"दादा, तुमचं नाव निघालंच नव्हतं," मी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. "ते मी घातलं."

त्याने कळल्यासारखी सावकाश मान हलवली. आत भांड्यांचा आवाज थांबला.