ढालीतलं मोरपीस

थर : सिंह

डिंपलने टॅबवरच्या सिंहाची शेपूट पुसली आणि पुन्हा काढली. मागे उभ्या हितेंद्रला ती अजूनही पटेना.

"हा सिंह आहे? याच्यापेक्षा आपल्या गल्लीतलं कुत्रं बरं. जरा सरदारी दिसू दे."

"भाऊ, आपण सरदार कधी होतो?"

"पत्रिका छापल्यापासून. पाहुण्यांनी 'जहागीरदार' छापलं, मग आपण काय नुसतं 'यांची सुकन्या' छापायचं?"

लग्नाच्या कमानीवर दोन ढाली लागणार होत्या. एक मुलीकडची, एक मुलाकडची. मुलीकडची, धुळ्याची ढाल नवरी डिंपलच काढत होती, एकेका थरावर एकेक चित्र, कारण घरात तेवढीच चित्रकला शिकलेली.

खाली जमिनीवर भिकुबाई आत्या तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

थर : तलवारी, मुकुट, कमळ

बठ्ठं खोटं शे, सगळंच खोटं, असं आत्या सकाळीच म्हणाली होती. डिंपलला ते लागलं. एक तरी गोष्ट खरी असू दे म्हणून तिने आपलं देवक विचारलं. हितेंद्रला ते माहीत नव्हतं; त्याच्या लग्नात हॉलवाल्या भटजींनी पाच झाडांची पानं बांधून वेळ भागवली होती.

"मोरनं पीस," आत्या म्हणाली होती.

थर : मोरपीस

ते सगळ्यात चांगलं उतरलं. सिंहाच्या पायाशी, किंचित वाकलेलं. हितेंद्रही म्हणाला, "हे मस्त. हे राजघराण्यासारखं वाटतं."

फोन थरथरला. मेहरूणहून नवीनचा, होणाऱ्या नवऱ्याचा मेसेज. कॉलेजच्या चार वर्षांनंतर आणि घरच्यांच्या दोन वर्षांच्या नकारानंतर कुठे हे लग्न जमलं होतं.

*आमची ढाल बघ. रतिलालकाकांनी देवकही टाकायला लावलं.*

खाली चित्र.

मोरपीस.

डिंपलने चित्र मोठं केलं. लहान केलं. पुन्हा मोठं केलं.

देवक एक म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदांत लग्न होत नाही. आडनावं वेगळी होती, पोरांनी आपापलं जमवलं होतं, म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. आणि नवीनचे रतिलालकाका म्हणजे सख्ख्या पुतणीचं जमलेलं लग्न एवढ्याच कारणावरून मोडणारा माणूस.

तिने मोरपिसाच्या थरापुढच्या, थर लपवणाऱ्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं. डोळा मिटला. ढालीवरून मोरपीस गेलं.

थर : (रिकामा)

"पीस कुठं गेलं?" हितेंद्र म्हणाला.

"बघते... जागा बदलतेय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"राम राम, हितेंद्रभाऊ. आमची ढाल मिळाली का पोरीला?"

"राम राम, रतिलालकाका. आली असेल."

"देवकाशिवाय ढाल म्हणजे नुसता बिल्ला. आमचं मोरपीस. तुमचं काय हो?"

हितेंद्रने पडद्याकडे पाहिलं. मग डिंपलकडे. त्याच्या कपाळावरची शीर वर आली. सकाळचं त्याने ऐकलं होतं. त्याच्या गळ्यात शब्द तयार होता, तो हलताना तिला दिसला.

"आमचं..."

"उंबर शे," भिकुबाई म्हणाली.

शेंग सोलणं थांबलं नव्हतं.

"कोण बोललं?"

"मी. पोरीची आत्या. आमचं उंबर."

"उंबर? तुमच्याकडच्या कुणीतरी कालच मला वेगळं सांगितलं, बाई."

"माझ्या भावाच्या लग्नात देवक त्या सांगणाऱ्यानं बसवलं का मी बसवलं? मांडवात या, पानं दाखवते. तुमच्या हातानं मोजून घ्या."

काका हसले. उशिरा, पण हसले.

"तुम्ही म्हणता तर उंबर. काढा मग ठळक."

फोन बंद झाला.

हितेंद्र खुर्चीवर बसला. आत्याला काही न विचारता तो बहिणीला म्हणाला, "उंबराचं पान कसं असतं, माहिती आहे ना? काढ." आणि पाणी प्यायला आत गेला.

थर : उंबर

डिंपलने पान काढायला घेतलं. पानाची कड दोनदा वाकडी गेली.

"आत्या, देवाची शपथ, आपलं मोरपीसच ना?"

भिकुबाईने पदराने बोटं पुसली. देव्हाऱ्याच्या फोटोमागे खोचलेलं जुनं पीस तिने काढलं, मुठीत मिटलं आणि शेंगांच्या टरफलांत खाली सारलं.

"मला आलेल्या एदलाबादच्या स्थळाचंबी मोरनं पीसच होतं," ती म्हणाली. "तवय उंबर म्हननारं कोनी नव्हतं."

एवढंच. तिने पुढची शेंग उचलली.

डिंपलने मिटलेल्या डोळ्याचा थर निवडला आणि बोट खोडण्याच्या खुणेवर नेलं.

"काय करतीस?"

"मोरपिसाचा थर खोडते."

"दिखस का तो?"

"नाही. खाली आहे."

"मंग ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली.