नळीच्या टोकावरची माशी

आर्वो हिएतालाने बापाची बंदूक टेबलावर ठेवली, तीसुद्धा उपकार केल्यासारखी. शेजारी बायकोने दिलेला वेलदोड्याचा पाव ठेवला, फडक्यात गुंडाळलेला. एरवी धाकट्या भावाच्या, रॉडनीच्या, गॅरेजकडे तो ढुंकूनही पाहत नसे. आज त्याचं अडलं होतं, आणि बंदुका दुरुस्त करणारा दुसरा माणूस पार तळ्याच्या पलीकडे राहत होता.

"माशी दिसत नाही," तो म्हणाला.

नळीच्या टोकावर नेम धरायला बारकासा पितळी मणी असतो, ती माशी. ती मागच्या खाचेत बरोबर मधोमध आणायची आणि चाप ओढायचा. साठी उलटली की दोन्हींपैकी एक तरी धूसर होतंच. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना रॉडनीने फायबरच्या माश्या बसवून दिल्या होत्या. ह्या माशीत प्लॅस्टिकची एक बारीक काडी असते. ती आजूबाजूचा उजेड पिते आणि टोकाला ठिपका होऊन चमकते. काम सोपं होतं, पण ह्या एका म्हाताऱ्याचं करणं रॉडनीच्या अगदी जिवावर आलं होतं.

"चष्मा बदल."

"बदलला. मोतीबिंदूसुद्धा काढला."

"मग शिकार सोड."

"मी सोडली की ही तुझ्या घरी येते, म्हणून सांगतोयस. माहितीये मला."

त्यात खोटं काहीच नव्हतं. बाप जाताना अट घालून गेला होता. हरणांचा हंगाम उघडण्याआधीच्या शनिवारी जंगलातल्या शिकारी कॅम्पवरची सगळी मंडळी खडीच्या खाणीत नेम तपासायला जमतात. तिथे ज्याच्याकडे ही बंदूक आहे त्याने कागदी ताटलीत तीन गोळ्या मारून दाखवायच्या. नाही जमलं, तर बंदूक दुसऱ्या भावाची. गेल्या वर्षी आर्वोची तिसरी गोळी ताटलीच्या काठाला जेमतेम चाटून गेली होती. रॉडनीने हिवाळाभर त्या काठाचा विचार केला होता.

बंदूक आर्वोकडे का गेली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. रॉडनीच्या पहिल्या हंगामात बापाने हीच बंदूक त्याच्या हातात दिली होती. तिन्हीसांजेला, पावसाची भुरभुर चालू असताना, त्याने हरणाच्या एका मोठ्या नरावर गोळी झाडली. नर कमरेतून वाकला, शेपूट खाली घेतली आणि झाडीत घुसला. गोळी लागल्याची ही खूण रॉडनीला तेव्हाही कळत होती. पण त्यांच्या कॅम्पवर मारणाऱ्याने जागा सोडायची नसते. माग थोरल्याने काढायचा. आर्वो पानांवर वाकून वाकून बघत बराच पुढे गेला, परत आला आणि बापाला म्हणाला, "रक्त नाही. चुकला हा."

"लागली! मी पाहिलं!" रॉडनी ओरडला, तेव्हा बापाने त्याच्या कानाखाली काढली. नेम चुकणं बापाला एक वेळ चालत असे, खोटं बोलणं चालत नसे. नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापून कॅम्पच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायचं, ही तिथली रीत. त्या रात्री शेजारच्या कार्ल रुओनाने हसत हसत कात्री चालवली. पहाटे बर्फ पडलं, माग बुजला, आणि नर कुठे जाऊन पडला असेल तो पडला. दुसऱ्या कुणाचा कापडाचा तुकडा दिसला की लोक हसून सोडून देत. रॉडनीचा दिसला की म्हणत, हा तो वर तोंड करून भांडणारा.

आर्वोने जळफळाटातून खोटं सांगितलं, असं रॉडनी आजवर धरून चालला होता. त्याने भावाच्या पोरांच्या लग्नात फक्त केक खाल्ला होता, तोही उभ्याने.

"दाखव काय काय आहे ते," आर्वो म्हणाला.

रॉडनीने ट्रे पुढे सरकवला. "ही गोल कडीवाली. आत डोळा घालून बघायचं. ही साधी, पुढे एक हिरवा ठिपका, मागची खाच काळीभोर, तिच्यावर ठिपका नाही. आणि ही तीन ठिपक्यांची, मागे दोन हिरवे, मधे पुढचा लाल. सगळे म्हातारे हीच नेतात. आंधळ्यालाही कळते."

"तीन ठिपके नकोत."

"का?"

"नकोत म्हटलं ना."

"अरे, फुकट चांगलं सांगतोय तुला. लाल मधे, हिरवे दोन बाजूंना. ह्यात काय डोकं लागतं?"

"मला साधी बसव. हिरवीबिरवी जी असेल ती."

हा माणूस चांगलं सांगितलेलंही ऐकत नाही, ह्याचा रॉडनीला राग आला. त्याने बंदूक शिकंज्यात धरली, पितळी खिळा लावून हातोडीने जुनी माशी खोबणीतून ठोकून काढली. बापाने घासून घासून बारीक केलेला तो मणी टेबलावर घरंगळला. त्याने साध्या माशीचं धड खोबणीत बसवायला घेतलं. दोन्ही हात अडकले होते.

"पुडीत काड्या आहेत. हिरवी दे एक."

आर्वोने पुडी उघडली. खिडकीबाहेर ढगाळलेलं होतं, आत एकच दिवा. त्याने काडी उचलून पुढे केली. लाल.

"हिरवी."

आर्वोने ती ठेवली, जरा घुटमळला आणि दुसरी दिली. तीही लालच होती.

"चेष्टा करतोयस का माझी?"

"दे ना बाबा, तूच घे तुझ्या हातानं!" आर्वो एकदम भडकला. त्याचे कान तापले होते, आणि तो खिडकीकडे बघत होता.

रॉडनीने हातोडी खाली ठेवली. पुडीतून एक लाल, एक हिरवी काडी काढली आणि भावाच्या नाकासमोर धरली.

"ह्यातली लाल कुठली?"

"पोरखेळ बंद कर."

"लाल कुठली, आर्वो?"

आर्वोने काड्या हाताने बाजूला सारल्या. रॉडनीच्या डोक्यात मात्र भराभर एकेक गोष्ट जुळत गेली. ह्याचे मोजेसुद्धा बायको काढून ठेवते. हा कॅम्पचा मुखिया, पण माग काढायची वेळ आली की ह्याचा गुडघा दुखतो. दरवर्षी.

"तुला लाल दिसत नाही," रॉडनी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "वाळक्या पानांवरचं रक्त तुला दिसतच नाही."

"पानं आणि रक्त, मला एकाच रंगाचं दिसतं." आर्वो पुटपुटला. "ओलं चकाकतं का बघत जायचो. बोट लावून बघायचो. त्या दिवशी पाऊस होता. सगळंच ओलं होतं."

"मग 'मला दिसत नाही' म्हणायचं! 'रक्त नाही' कशाला म्हणालास?"

"बाप उभा होता तिथं. त्यानं मला पुन्हा कधी जंगलात नेलं असतं? तुला माहितीये तो कसा होता."

"मला? मला माहितीये? कानाखाली मी खाल्ली, भडव्या!" रॉडनीने ट्रे ढकलला, माश्या जमिनीवर विखुरल्या. "आख्खा जन्म मी खोटारडा! त्याच्या मयताला कार्ल मला म्हणतो, बंदूक बघून वाईट नको वाटून घेऊस, नेम सगळ्यांचा चुकतो. आणि तू तिथं मूग गिळून उभा होतास!"

"झालं ते झालं. किती उगाळशील?"

हे वाक्य आर्वोने बोलायला नको होतं. रॉडनीने हिरवी काडी माशीत बसवली, टोकं गरम करून दाबली, मागची काळी खाच ठोकली. त्याला लाल बसवता आली असती. मागे दोन हिरवे, पुढे लाल, आर्वोला तिन्ही सारखेच दिसले असते, आणि शनिवारी सगळ्या गावासमोर थोरल्याची फजिती. ते त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्यात त्याला गोडीही वाटली. पण त्याला आता त्याहून मोठं काहीतरी हवं होतं. त्याने बंदूक भावाच्या हातात दिली.

"बघ."

आर्वोने दस्ता खांद्याला लावला, दारातून बाहेरच्या बर्चच्या झाडावर नेम धरला. काळ्या खाचेत एकच ठिपका उजळला असणार, कारण त्याचा चेहरा क्षणभर पोरासारखा झाला. "दिसतंय," तो म्हणाला. "स्वच्छ दिसतंय रे."

"तीनही मारशील. बंदूक तुझी राहील. मी एक शब्द बोलणार नाही," रॉडनी म्हणाला. "फक्त शनिवारी, गोळ्या झाडायच्या आधी, सगळ्यांना सांगायचं. मला रक्त दिसत नव्हतं, रॉडनीची गोळी लागली होती. एवढंच."

आर्वोने बंदूक खाली घेतली. अंगठा त्या हिरव्या ठिपक्यावरून फिरवला. मग त्याने ती हळूच टेबलावर ठेवली.

"ठेव तुला."

"काय?"

"बंदूक ठेव तुला. ते मी नाही बोलणार. कॅम्पवरची पोरं चाळीस वर्षं माझ्या शब्दावर चालतात. ह्या वयात मला कॅम्पवर कुणी हसलेलं नाही चालायचं."

"मला हसलेलं चाललं?"

आर्वोने टोपी घातली. "तुला सवय आहे," तो म्हणाला आणि निघाला. त्याचा ट्रक वळणाआड जाईपर्यंत रॉडनी दारात शिव्या देत उभा होता. आवाज बसला तेव्हा तो आत आला आणि बंदुकीसमोर बसला. इतकी वर्षं जी हवी होती ती समोर पडली होती, आणि तिला हात लावायची त्याला शिसारी येत होती.

संध्याकाळी कार्लचा फोन आला.

"नशीबवान आहेस लेका! आर्वो म्हणाला, बापाची बंदूक धाकट्याला देऊन टाकली, स्वतःच्या हातानं. मनाचा मोठा माणूस. दुसऱ्या कुणी नसती दिली, तेही तू जे काही केलं होतंस त्यावर."

"कार्ल, ऐक. त्याला लाल दिसत नाही. त्याला रक्त दिसलंच नव्हतं. माझी गोळी लागली होती."

पलीकडे कार्ल हसला, कात्री चालवताना हसला होता तसाच, मनापासून.

"अरे, बंदूक मिळाली ना आता? आता तरी भावाबद्दल खोटं बोलणं सोड."